कर्ज कशासाठी?

आमच्या अ‍ॅपमध्ये कर्ज मागताना एक स्क्रीन यायची : ‘कर्ज कशासाठी हवंय?’ लग्न, आजारपण, शिक्षण, इतर. बरेच जण तिथवर येऊन अ‍ॅप बंद करायचे. दोन वर्षांपूर्वी मी ती स्क्रीन काढली. पूर्ण होणारे अर्ज वाढले, टीममध्ये कौतुक झालं. लोकांना नको ते विचारणं आपण थांबवलं, असं मलाही वाटलं.

घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, “आम्हाला तर चार जणांना सांगत फिरावं लागायचं.”

ताईच्या लग्नासाठी बाबांनी ऑफिसच्या पतसंस्थेतून कर्ज काढलं होतं. दोन सभासद जामीनदार लागत. जामीन म्हणजे नुसती सही नव्हे. १८७२च्या करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी सहसा कर्जदाराइतकीच असते. त्यामुळे शेजारच्या टेबलावरच्या काकांनी सही करण्याआधी विचारलं, “एवढा मोठा हॉल कशाला रे?” बाबांना राग आला. पण दोन दिवसांनी त्यांनी रक्कम कमी केली.

ही युक्ती जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत रायफायझेननं खेड्यांत पतसंस्था उभ्या केल्या, त्या अमर्याद जबाबदारीवर. बुडालं तर सगळ्यांचं बुडणार, म्हणून सगळ्यांनीच विचारायचं. भारतातला १९०४चा सहकारी पतसंस्थांचा कायदाही ग्रामीण संस्थांपुरता त्याच धर्तीवर होता.

पण मी या चौकशीचे गोडवे गाणार नाही. माझी एक मैत्रीण नवऱ्याचं घर सोडून निघाली, तेव्हा भाड्याच्या खोलीचं डिपॉझिट तिनं असल्याच एका अ‍ॅपवरून उचललं. दोन जामीनदार शोधायला गेली असती, तर संध्याकाळपर्यंत सासरी बातमी. पत म्हणजे अब्रूही. आणि बायकांची अब्रू कोण मोजतं, हे आपल्याला माहीत आहे.

मग प्रश्न विचारावा की नाही? मला वाटतं, ‘कशासाठी?’ विचारण्याचा हक्क त्यालाच, ज्याला आपल्याबरोबर झळ बसणार आहे. काकांना तो होता. आमच्या अ‍ॅपला नव्हता. म्हणजे स्क्रीन काढली हे बरोबरच, असं म्हणून मी सुटू शकलो असतो.

पण आम्हाला उत्तर तसंही कळत होतं. बँक स्टेटमेंटमध्ये हॉस्पिटलही दिसतं आणि नवा फोनही. थांबलं ते इतकंच, की माणसाला स्वतःचं उत्तर ऐकू येणं. आणि ऐकू न येण्याला किंमत असते. २००१ साली प्रेलेक आणि सिमेस्टर यांनी एमआयटीत एक प्रयोग प्रसिद्ध केला. बास्केटबॉलच्या सामन्याच्या तिकिटांसाठी, कार्डानं पैसे द्यायचे असलेल्यांनी रोखवाल्यांच्या जवळपास दुप्पट बोली लावली. तिकिटं तीच होती. नोटा हातातून जाताना जी टोच लागते, तेवढीच गायब होती. माझा पगार ती टोच काढण्याबद्दलच मिळतो.

डिजिटल कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेनं २०२२मध्ये विचार बदलण्याची मुदत घालून दिली : ठरावीक दिवसांत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरा, दंड न भरता मोकळे व्हा. आमच्या अ‍ॅपमध्ये ही ओळ आहे. सगळ्यात खाली, फिकट राखाडी रंगात, बारीक अक्षरांत. ती पैसे जमा झाल्याच्या स्क्रीनवर ठळक आणावी, हे मी मार्चमध्ये कामांच्या यादीत टाकलं. अजून यादीतच आहे.