आम्ही आपले लोखंड

मी कॉमर्सला गेलो तो विज्ञानाशी पुन्हा गाठ पडू नये म्हणून. पण मुले होतात, शाळेत जातात आणि विज्ञान मागल्या दाराने घरात शिरतेच. परवा चिरंजीव दोन सारख्या दिसणाऱ्या पट्ट्या घेऊन आले.

"बाबा, यात एकच चुंबक आहे की दोन्ही?"

मी पट्ट्यांची टोके जवळ नेली. टक्कन चिकटली. "दोन्ही," मी खाते बंद केले.

"चूक! चुंबकाला साधं लोखंडही चिकटतं. आता एक पट्टी उलटी करा."

केली. पुन्हा चिकटली.

"म्हणजे एक नुसतंच लोखंड! दोन्ही चुंबकं असती तर सारखे ध्रुव समोर आल्यावर ढकललं असतं. प्रतिकर्षण हीच चुंबकाची खरी कसोटी."

लोखंडाची गंमतही त्याने सांगितली. उत्तर ध्रुव जवळ आला की लोखंडाच्या त्या टोकाला दक्षिण ध्रुव तयार होतो. दक्षिण आला की उत्तर. समोरच्याला हवे ते! आणि चुंबक दूर गेले की मऊ लोखंडात जवळजवळ काहीच उरत नाही.

माझा चहा गार झाला. हे गृहस्थ मी रोज दाढी करताना बघतो.

शाखेत मला सगळे अजातशत्रू म्हणतात. युनियनवाल्यांना मी त्यांचा वाटतो, साहेबांना साहेबांचा. गेल्या आठवड्यात एक व्हाउचर हरवले आणि ठपका आला शिपायावर. साहेबांनी ते घाईघाईत स्वतःच्याच ड्रॉवरमध्ये टाकलेले मी पाहिले होते. "याचाच निष्काळजीपणा, नाही का हो?" साहेब म्हणाले. "तसंच दिसतंय, साहेब." बाहेर शिपाई म्हणाला, "माझी काय चूक, भाऊसाहेब?" "काही नाही रे तुझी!" दोघेही माझ्यावर खूश. मेमो मात्र एकालाच मिळाला.

आता प्रश्न असा : सगळ्यांशी जमणे हा सद्गुण, की नुसता लोखंडाचा गुणधर्म? समोर येईल तो चेक पास करणाऱ्याच्या सहीला रबरी शिक्क्याइतकी तरी किंमत असते का? ज्याला 'नाही' म्हणता येत नाही, त्याचे 'हो' खरे कसे मानायचे?

याचा अर्थ ऊठसूट भांडावे असा नव्हे. बिस्मथ नावाचा धातू चुंबकाच्या दोन्ही ध्रुवांपासून किंचित दूरच सरकतो. असा एक गृहस्थ आमच्या लोन विभागात आहे. त्याला कोणी थोर मानत नाही. चुंबक एका टोकाने ढकलते, पण दुसऱ्या टोकाने जवळही घेते. पट्टीचे दोन तुकडे करा, प्रत्येक तुकड्यात दोन्ही ध्रुव हजर! होकार ठेवून नकार कापून टाकण्याची सोय निसर्गाने ठेवलेली नाही.

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये गेलो. पाय लटपटत होते.

"या, या! चहा घेणार?"

"नको, साहेब."

बावीस वर्षांच्या नोकरीतले ते माझे पहिले 'नको'. दुसरे वाक्य ड्रॉवरबद्दल होते.

व्हाउचर सापडले, मेमो मागे घेतला गेला. तेव्हापासून साहेब मला पाहिले की दोन हात लांबून जातात.

घरी हे सांगितले तर चिरंजीव टाळ्या पिटत म्हणाले, "बाबा, ढकललं!"