विधवेचा आग्रह आणि धर्मग्रामाची प्रार्थना

परमेश्वर सर्वज्ञ आहे आणि मागणाऱ्याने तोंड उघडण्यापूर्वीच त्याची गरज तो जाणतो, असे ख्रिस्ती धर्मश्रद्धा मानते. मग तीच मागणी त्याच्यापुढे पुन्हा पुन्हा का मांडायची, हा प्रश्न त्या श्रद्धेच्या पोटातच जन्माला येतो. कॅथलिक धर्मगुरूला तो बाहेरच्या टीकाकाराकडून ऐकावा लागत नाही, कारण एका चर्चभोवती नांदणाऱ्या आणि एका धर्मगुरूच्या हवाली केलेल्या श्रद्धावंतांचा समाज, ज्याला मराठी कॅथलिक परंपरेत धर्मग्राम म्हणतात, तोच त्याला हा प्रश्न विचारत असतो. आजारी मुलासाठी वर्षभर जपमाळ करणारी आई तो विचारते आणि दारू सुटत नसलेल्या मुलाचा बापही विचारतो. धर्मगुरूच्या स्वतःच्या बाबतीत तो अधिक टोकदार होतो, कारण इतरांना प्रार्थना कंटाळून सोडता येते; तो मात्र दीक्षेच्या वेळी दिलेल्या वचनाने तिला बांधलेला असतो.

बायबलमध्ये या प्रश्नाच्या दोन्ही बाजू येशूच्याच शिकवणुकीत सापडतात. संत मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात तो शिष्यांना बजावतो की, पुष्कळ शब्द वापरल्याने आपले म्हणणे देवाच्या कानी पडते अशी समजूत धरून बडबड करू नये. आणि संत लूककृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात तोच, खचून न जाता सतत प्रार्थना करावी हे शिकवण्यासाठी, एका विधवेचा दाखला सांगतो. तिच्या गावातला न्यायाधीश देवाला भीत नाही आणि माणसाची भीड बाळगत नाही. विधवा आपल्या प्रतिवाद्याविरुद्ध न्याय मागत वारंवार त्याच्या दारी येते, तो बराच काळ ढिम्म हलत नाही आणि शेवटी केवळ तिच्या येरझाऱ्यांचा ताप चुकवण्यासाठी तिचा निवाडा करतो. येथे मूळ ग्रीक क्रियापद ‘हिपोपियाझो’ हे आहे आणि त्याचा शब्दशः अर्थ डोळ्याखाली ठोसा मारणे असा होतो. म्हणजे ज्याला कोणाचीच भीती नाही त्या न्यायाधीशाला, ही बाई एक दिवस आपला डोळा काळानिळा करील, असे वाटू लागते. भाषांतरात हे क्रियापद ‘त्रास देणे’ इतके सौम्य होते आणि त्या निराधार बाईचा सगळा दरारा त्यात विरून जातो, हे खेदाचे आहे. अकराव्या अध्यायातील दाखल्यात मध्यरात्री शेजाऱ्याचे दार ठोठावून भाकरी मागणाऱ्या मित्राबद्दल ‘अनाइदेइया’ हा शब्द आला आहे. त्याचा सरळ अर्थ निर्लज्जपणा. प्रार्थनेसाठी असे शब्द योजणारा गुरू भिडस्त भक्त घडवू पाहत नव्हता, हे उघड आहे.

मात्र देव त्या न्यायाधीशासारखा आहे असे दाखला सांगत नाही. त्याची रचना भारतीय तर्कपरंपरेत ज्याला कैमुतिकन्याय म्हणतात तशी आहे: जे अवघड ठिकाणीही घडते ते सोप्या ठिकाणी घडेल हे वेगळे काय सांगावे, असा तो युक्तिवाद होय. अन्यायी न्यायाधीशही अखेर ऐकतो, तर रात्रंदिवस धावा करणाऱ्यांचे प्रेमळ पिता ऐकणार नाही काय, हा त्याचा रोख आहे. आणखी एक गोष्ट सहसा नजरेआड होते. विधवेची मागणी मेहेरबानीची नाही, न्यायाची आहे. आणि मोशेच्या नियमशास्त्राने विधवा, अनाथ व परदेशी यांना देवाच्या खास संरक्षणाखाली ठेवले असल्यामुळे, ती जे मागते ते देवाने आधीच देऊ केलेले आहे. तिचा आग्रह देवाच्या इच्छेविरुद्ध नसून त्या इच्छेच्या बाजूने उभा आहे, आणि चिकाटीच्या प्रार्थनेचा सगळा अर्थ या एका गोष्टीत साठलेला आहे.

तत्त्वज्ञानाच्या अंगाने हा प्रश्न तिसऱ्या शतकात ऑरिजेन या ख्रिस्ती विचारवंताने आपल्या प्रार्थनाविषयक ग्रंथात उपस्थित केला होता, आणि तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या डॉमिनिकन धर्मगुरूने त्याचे उत्तर काटेकोरपणे मांडले. देवाचा संकल्प बदलावा म्हणून प्रार्थना केली जात नाही. काय घडेल याबरोबरच ते कोणत्या कारणांतून घडेल हेही ईश्वरी योजनेत अंतर्भूत असते, आणि त्या कारणांमध्ये माणसाच्या प्रार्थनेलाही स्थान दिलेले असते, असे त्याचे प्रतिपादन आहे. पीक देणे देवाच्या हाती आहे म्हणून शेतकरी पेरणी टाळत नाही, तसाच हा प्रकार समजावा. हे उत्तर निर्दोष आहे. पण मुलाच्या उशाशी बसलेल्या आईला ते पुरत नाही, आणि तिला ते पुरावे अशी अपेक्षाही कोणी धरू नये.

तिच्या अधिक जवळ जाणारे उत्तर संत ऑगस्टीन या आफ्रिकेतील बिशपच्या एका पत्रात आहे. इ.स. ४१० मध्ये रोम शहर लुटले गेल्यानंतर आफ्रिकेत आश्रयाला आलेल्या प्रोबा नावाच्या उमराव घराण्यातील विधवेने त्याला प्रार्थना कशी करावी असे विचारले होते. ऑगस्टीन तिला लिहितो की, आपली इच्छा देवाला कळावी म्हणून आपण मागत नाही. जे तो देणार आहे ते घेण्याइतकी आपली इच्छा मोठी व्हावी म्हणून तो आपल्याला मागायला लावतो. पुष्कळ बोलणे आणि पुष्कळ काळ आस बाळगणे यांत तो फरक करतो, आणि मत्तय व लूक यांच्यातील वरवरचा विरोध या भेदापाशी मिटतो. संत योहानाच्या पत्रावरील प्रवचनात त्याने पिशवीची उपमा दिली आहे: ठेवायची वस्तू मोठी आणि पिशवी लहान असेल तर आपण ती ताणतो, आणि देव उशीर लावून मन असेच ताणत असतो.

हे लिहिणाऱ्या ऑगस्टीनची आई, संत मोनिका, या ताणाचे जिवंत उदाहरण होती. मुलगा भलत्या पंथाला लागला म्हणून ती वर्षानुवर्षे रडत राहिली. एका बिशपच्या मागे तिने इतका तगादा लावला की, इतक्या अश्रूंचा मुलगा वाया जाणे शक्य नाही असे सांगून त्याने काहीशा त्राग्यानेच तिची बोळवण केली. मुलाने समुद्रापार रोमला जाऊ नये यासाठी ती कार्थेजजवळच्या संत सिप्रियनच्या स्मृतिस्थानी रात्रभर प्रार्थना करीत असताना, तो तिला फसवून त्याच रात्री जहाजाने निघून गेला. त्या रात्रीची तिची मागणी देवाने सरळ नाकारली. परंतु त्याच प्रवासातून ऑगस्टीन पुढे मिलानला बिशप अँब्रोजच्या सान्निध्यात आला आणि ३८७ च्या ईस्टरला त्याचा बाप्तिस्मा झाला. जे ती नेहमी मागत होती ते द्यावे म्हणून देवाने त्या रात्री मागितलेले दिले नाही, असा अर्थ ऑगस्टीनने स्वतः लावला आहे.

तथापि हे उदाहरण जपून वापरावे लागते. मोनिकेची कथा सुखान्त आहे. प्रत्येक घराची नसते. मूल वाचले नाही अशा आईला, तुमची प्रार्थना कमी पडली, असे कोणी सांगत असेल तर ते क्रूर आहेच, पण धर्मशास्त्राच्या दृष्टीनेही चूक आहे. कारण गेथशेमाने बागेत येशूने स्वतः तीन वेळा त्याच शब्दांत प्रार्थना केली आणि दुःखाचा प्याला टळला नाही. संत पौलानेही शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवले आणि त्याला काट्यासकट जगण्याचे बळ मिळाले, काटा निघाला नाही. ज्या धर्माच्या केंद्रस्थानी अशी नाकारलेली विनवणी आहे, त्या धर्माच्या सेवकाने प्रार्थनेला हमीपत्राचे रूप देणे हा विश्वासघात ठरतो.

येथपर्यंतचा विचार एकट्या माणसाच्या प्रार्थनेचा झाला. परंतु एकट्याची चिकाटी संपते, आणि ती संपते तेथे ख्रिस्तसभेचे सामुदायिक जीवन कामी येते. कॅथलिक धर्मगुरूला दिवसाच्या ठरलेल्या प्रहरांना म्हणावयाची ‘प्रहरांची प्रार्थना’ दररोज करावी लागते. तिचा गाभा बायबलमधील स्तोत्रांचा असून, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर झालेल्या रचनेत ती चार आठवड्यांच्या चक्रात विभागली आहेत. दर शुक्रवारी झोपण्यापूर्वीच्या प्रार्थनेत ८८ वे स्तोत्र येते. दुःखाच्या इतर बहुतेक स्तोत्रांना शेवटी आशेचे वळण मिळते, पण हे स्तोत्र अंधारावरच संपते. शुक्रवारी संध्याकाळी एखाद्या घरच्या आनंदसोहळ्यातून हसतमुखाने परतलेल्या धर्मगुरूलाही रात्री दिव्याखाली पुस्तकाची फीत सरकवून तेच पान उघडावे लागते, आणि ज्या निराशेचा त्याच्या त्या दिवसाशी काही संबंध नाही ती मुखाने उच्चारावी लागते. वरवर पाहता हा यांत्रिकपणा वाटतो. पण ऑगस्टीनच्या मते स्तोत्रांमध्ये मस्तक आणि शरीर मिळून संपूर्ण ख्रिस्त बोलतो. तेव्हा त्या रात्री धर्मग्रामातील जो कोणी खरोखर अंधारात बसलेला आहे आणि ज्याच्या तोंडून शब्द फुटत नाही, त्याच्या वतीने ते शब्द म्हटले जातात. मनःस्थितीप्रमाणे प्रार्थना निवडण्याची मुभा असती, तर हा माणूस एकटा पडला असता.

धर्मग्राम आणि चिकाटी यांचा हा संबंध जाँ-मारी व्हियाने, म्हणजेच संत जॉन व्हियानी, यांच्या चरित्रात जितका स्पष्ट दिसतो तितका क्वचित दुसरीकडे दिसतो. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात बालपण गेलेला आणि लॅटिन भाषेशी झगडत १८१५ मध्ये कसाबसा धर्मगुरू झालेला हा शेतकऱ्याचा मुलगा १८१८ मध्ये लियाँजवळच्या आर्स या जेमतेम अडीचशे वस्तीच्या खेड्यात पाठवला गेला. गाव धर्माबद्दल थंड होते. रविवारी शेतात कामे चालत आणि गुत्ते भरलेले असत. व्हियाने पहाटेच्या अंधारात चर्चमध्ये जाऊन पवित्र साक्रामेंताच्या पेटीसमोर, जिथे मिस्सा या कॅथलिक उपासनाविधीतील पवित्र भाकर जतन केली जाते तिथे, तासन्‌तास गुडघे टेकून या गावाच्या परिवर्तनाची भीक मागू लागला. हळूहळू गाव बदलले, आणि नंतर दूरदूरहून लोक पापनिवेदनासाठी येऊ लागले. पापनिवेदन म्हणजे धर्मगुरूसमोर पापे कबूल करून देवाची क्षमा मिळवण्याचा संस्कार. अखेरच्या वर्षांत पापनिवेदनाच्या अरुंद लाकडी कोठडीत तो दिवसाचे बारा ते सोळा तास बसत असे. दारी येऊन उभे राहण्याचे काम आता लोकांचे झाले होते, आणि ज्याने स्वतः इतकी वर्षे देवाचे दार ठोठावले होते त्याला त्यांच्यासाठी दार बंद करणे शक्य नव्हते.

या संतालाही तेथून पळून जावेसे वाटले होते, हा तपशील भाविक चरित्रांत पुसट केला जातो. तो तसा करू नये. एकांतात जाऊन आपल्या पापांसाठी रडावे या ओढीने त्याने १८४३ आणि १८५३ मध्ये गाव सोडण्याचा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा तो परत आला. ४ ऑगस्ट १८५९ रोजी आर्समध्येच त्याचे निधन झाले. १९२५ मध्ये त्याला संतपद मिळाले. त्याच्या चिकाटीत थकवा होता, पळ काढण्याची इच्छा होती, आणि तरीही दुसऱ्या दिवशी पहाटे तो त्याच पेटीसमोर होता.

महाराष्ट्रात या आग्रहाचे सर्वात दृश्य रूप मुंबईत माहीमच्या संत मायकल चर्चमध्ये दर बुधवारी पाहायला मिळते. नित्य साहाय्य मातेची नोव्हेना, म्हणजे ओळीने नऊ वेळा करावयाची भक्ती, तेथे १९४८ पासून चालू आहे आणि ख्रिस्ती नसलेली माणसेही तिला मोठ्या संख्येने येतात. बाहेरच्या फुलवाल्यांकडे मेणाचे हात, पाय, घरे आणि बाळे विकायला असतात. ज्याची जी मागणी, ते मेण तो घेऊन जातो. सुशिक्षित टीकाकाराला यात सौदा दिसतो, आणि कुठे कुठे तो असतोही. परंतु मेणाचे बाळ मुठीत धरून रांगेत उभी असलेली स्त्री आपली नेमकी गरज नेमक्या आकारात देवासमोर ठेवते, आणि दाखल्यातल्या विधवेनेही संदिग्ध असे काही मागितले नव्हते. धर्मगुरूचे काम तिच्या हातातले मेण काढून घेण्याचे नाही. नवव्या बुधवारनंतर हात रिकामाच राहिला तर दहाव्या बुधवारी तिला तेथे जागा असेल, हे पाहण्याचे आहे.

अशी जागा राखण्याची एक तरतूद ख्रिस्तसभेने कायद्यातच केली आहे, आणि बहुतेक भाविकांना तिची कल्पना नसते. एरवी मिस्सा एखाद्या कुटुंबाच्या विनंतीवरून, त्यांच्या मृतांसाठी किंवा आजाऱ्यांसाठी अर्पण केली जाते. परंतु १९८३ च्या धर्मसंहितेतील ५३४ व्या कलमानुसार प्रमुख धर्मगुरूने प्रत्येक रविवारी आणि आज्ञेच्या सणाला, म्हणजे मिस्सेला जाणे बंधनकारक असलेल्या सणाला, एक मिस्सा आपल्या हवाली केलेल्या लोकांसाठी अर्पण केलीच पाहिजे. वसईच्या एखाद्या गावात पहाटेच्या मिस्सेला येणारी म्हातारी त्या लोकांत मोडते, कामासाठी आखाती देशात गेलेला तिचा मुलगा मोडतो आणि चर्चची पायरी वीस वर्षांत न चढलेला शेजारीही मोडतो. धर्मगुरू आजारी असला तर त्याने ती दुसऱ्याकरवी अर्पण करावी किंवा नंतर स्वतः करावी. आणि यातूनही काही मिस्सा राहून गेल्या असतील, तर जितक्या राहिल्या तितक्या मोजून शक्य तितक्या लवकर भरून द्याव्यात, असे ते कलम सांगते.