भय, भीड आणि खरेपणा

भीतीपोटी बोललेले सत्य हे सत्यच असते. पण ते बोलणाऱ्याच्या पदरी पुण्य म्हणून पडते काय? हा प्रश्न आम्हांला तत्त्वज्ञानाच्या ग्रंथातून पडलेला नाही. आमच्या वडिलांनी जेवणाच्या पाटावर बसल्याबसल्या सहज उच्चारलेल्या एका वाक्यातून तो पडला, आणि आज चार तपे होत आली तरी सुटलेला नाही. निवृत्तीनंतर माणसाला जुने हिशेब तपासण्याची खोड लागते, त्यातलाच हा एक समजावा.

आमचे घर तिसवाडीतल्या खाडीकाठच्या एका गावात. घराण्याकडे जी थोडी जमीन होती तिचे दोन तुकडे एक ख्रिस्ती बाई कसत असे. सारा गाव तिला मांय म्हणे. आम्हीही म्हणत असू. तिचे नाव येथे देण्याचे कारण नाही. नवरा तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारा. वर्षातले आठ-नऊ महिने तो समुद्रावर, आणि घर, चार मुले, सासू, डुकरे, कोंबड्या व शेत हे सर्व हिच्या अंगावर. पहाटे इगर्जीची घंटा झाली की मिस ऐकायला जायचे, परतताना वाटेतच साडीचा काचा मारून शेतात उतरायचे, आणि तिन्हीसांजेची घंटा झाली की चिखलाच्या पायांनी बांधावर उभे राहून क्रूस करायचा. रात्री मुलांना गुडघ्यांवर बसवून तेर्स. आमच्या आजीची जपमाळ आणि तिची तेर्साची माळ साधारण एकाच वेळी चालत असावी, दोन घरांच्या मध्ये एक काजूचे झाड तेवढे होते.

इंदूर-बडोद्याकडील वाचकांना खाजन जमिनीची कल्पना असणार नाही, म्हणून थोडे सांगतो. गोव्यात भातशेतीच्या जमिनी मुख्यतः तीन जातींच्या. उंचावरची मोरड, रेताड ती खेर, आणि खाडीच्या भरतीपासून बांध घालून राखलेली ती खाजन. खाजनाची पातळी भरतीच्या पाण्याहून खाली असते. मातीचे बांध आणि मानस म्हणजे पाण्याचे लाकडी दार, एवढ्या दोन गोष्टींवर ते शेत जगते. भरतीला दार मिटते, ओहोटीला आतले पाणी बाहेर जाते. खेकड्याने पोखरलेल्या भोकाकडे एखाद्याने काणाडोळा केला की ते भोक रात्रीतून वाढते, आणि खारे पाणी शिरते ते त्याच्याच शेतात नव्हे, सर्वांच्या शेतात. मग ते खार धुऊन निघायला एका पावसाळ्याने भागत नाही. कोरगुटासारखे खार सोसणारे भात तेवढे तग धरते. पूर्वी बांधांची राखण गावकारीकडे असे, पुढे ती कुळांच्या संघांकडे आली. संघ कागदावर असतात, भोक बुजविणारा माणूस मात्र कोणीतरी एकच असतो. आमच्या बाजूच्या बांधावर तो माणूस म्हणजे मांय. पावसाळ्यातल्या अमावास्या-पुनवेच्या मोठ्या भरतीला ती कंदील घेऊन बांधावरून फेरी घाले, हे आम्ही लहानपणी खिडकीतून पाहिले आहे.

आता मूळ प्रकरण. कुळांना संरक्षण देणारा कायदा गोव्यात 1964 साली झाला, आणि 1976 च्या दुरुस्तीने कसणाऱ्या कुळाला मालकीचा मार्ग मोकळा केला. त्याआधी भूमापन होऊन नोंदीच्या नमुन्यांत कुळांची नावे चढली होती. आमच्या दोन्ही तुकड्यांवर मांयचे नाव होते. मोठा तुकडा खाजनातला. तो तिच्या सासऱ्यापासून त्यांच्या कसणुकीत, त्याविषयी गावात दुमत नव्हते. लहान तुकडा मोरडीचा, घरामागचा. तो मात्र वडील स्वतः मजूर लावून करवून घेत. मांय त्या मजुरांतली एक होती, एवढेच. मोजणीचे लोक आले तेव्हा ती तेथे लावणी करीत उभी होती, म्हणून तिचे नाव लिहिले गेले.

वडिलांनी मामलेदारासमोर अर्ज केला तो दोन्ही तुकड्यांसाठी. दोन्ही जमिनी आम्ही घरी कसतो, सदर बाई मजूर आहे, असे त्यात म्हटले होते. एका तुकड्यापुरते ते खरे होते, दुसऱ्यापुरते खोटे. त्या अर्जाची स्वच्छ प्रत आम्हीच काढली होती. वय वीस, अक्षर चांगले, कॉलेजात जाणारा मुलगा. काय लिहितो आहोत हे आम्हांला कळत होते. तेव्हा बोललो नाही, एवढे येथे नोंदवून पुढे जातो.

1978 च्या उन्हाळ्यात सुनावणी झाली. वडिलांनी शपथेवर आपले म्हणणे सांगितले. मग मांयला पुढे बोलाविले. शपथ घेताना ती क्षणभर घुटमळली, एवढे आठवते. तिने सांगितले की खाजनाचे शेत तिचा सासरा, नवरा आणि ती असे तीन हातांनी कसले आहे, खंड अमुक इतका दिला आहे. आणि मोरडीच्या तुकड्याचे विचारताच म्हणाली, ते शेत माझे नव्हे. मी तेथे रोजावर जाते. मामलेदारांनी तिला पुन्हा विचारले. कागद तिच्या बाजूने होता, ती गप्प राहिली असती तरी तो तुकडा बहुधा तिच्याकडे गेला असता. तिने तेच उत्तर पुन्हा दिले. निकाल तिच्या जबानीप्रमाणे झाला, खाजन तिला व मोरड आम्हांला.

त्या रात्री जेवताना वडील म्हणाले, "खरे बोलली, पण पाद्रीच्या भयाने बोलली. त्यात तिचे काय?"

आमचे वडील दुष्ट नव्हते. व्यासंगी होते. साष्टीत 1616 साली छापल्या गेलेल्या फादर स्टीफन्सच्या ‘क्रिस्तपुराणा’वर त्यांनी एकदा व्याख्यान दिले होते आणि परदेशी माणसाने मराठी ओवीचा केवढा सन्मान केला हे सांगताना त्यांचा कंठ दाटून आला होता. रोज पूजा केल्याशिवाय ते पाणी घेत नसत. त्यांच्या वाक्यात तथ्य नव्हते असेही नाही. कांटने 1785 च्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात दुकानदाराचे उदाहरण घेऊन हेच विचारले आहे. गिऱ्हाईक तुटेल म्हणून जो लहान मुलालाही फसवीत नाही, तो प्रामाणिक वागतो खरा, पण त्याच्या वागण्याला नैतिक मोल कोठले? मोल असते ते कर्तव्य म्हणून केलेल्या कर्माला. गीतेतला निष्काम कर्माचा विचार वेगळ्या वाटेने याच सुमारास येऊन पोहोचतो. नरकाच्या भयाने खरे बोलणारा आणि स्वर्गाच्या लोभाने दान करणारा, दोघेही शेवटी हिशेबच करीत असतात. सरकारी नोकरीत आम्ही शेकडो प्रतिज्ञापत्रे पाहिली. देवाची शपथ घेऊन खोटे लिहिणारे त्यांत सर्व धर्मांचे होते, आणि शिक्षेच्या भीतीने खरे लिहिणारेही. म्हणून वडिलांचे वाक्य आम्हांला बरीच वर्षे पटत राहिले. ते पटून घेण्यात आमची सोय होती हे आता दिसते. तिचे खरेपण हलके झाले की आमचे सुंदर अक्षरही थोडे हलके होत होते.

1990 नंतर आम्ही बदलीवरून गावाजवळ आलो, तेव्हा एकदा धीर करून मांयला विचारले. तिचे बोलणे कोंकणीत, येथे मराठीत देतो. ती सुपात भात पाखडीत होती. म्हणाली, "पाद्रीला कोण सांगणार होते, बाब? मीच ना? मी सांगितले नसते तर त्याला कोठून कळणार?" मग थोड्या वेळाने, आपल्याशीच बोलावे तशी म्हणाली, "आणि कोंसाच्या फेस्ताला त्या शेतातली कणसे कशी नेली असती?"

ऑगस्टमध्ये गोव्यातल्या इगर्ज्यांत नव्या भाताच्या कणसांना आशीर्वाद देण्याचा सण असतो. त्याचेच नाव कोंसाचे फेस्त. तळगावात तो 21 ऑगस्टला साजरा होतो. आशीर्वादाची कणसे घरी आणून वेदीवर ठेवतात. आपल्याकडे चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी नवें करून कणसे गणपतीपुढे ठेवतात आणि दारावर बांधतात, तसेच ते. मांय दर वर्षी चतुर्थीच्या आदल्या दिवशी खाजनातल्या कणसांची एक जुडी आमच्या घरी आणून देई. निकालाच्या वर्षीही दिली. आईने घेतली. दुसऱ्या दिवशी वडिलांनी ती आपल्या हाताने दारावर बांधली आणि त्याविषयी एक शब्द बोलले नाहीत.

तिच्या उत्तराने आमच्या प्रश्नाचा पहिला भाग निकालात निघाला. कबुलीजबाब देणाऱ्या माणसाला पाद्री पकडत नाही, तो स्वतःच स्वतःला नेऊन हजर करतो. पण देवाचे भय? ते तर पाद्रीवाचूनही असते. येथे आम्हांला आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. तिची धाकटी मुलगी सहाव्या वर्षी तापाने गेली. कापणीचे दिवस होते. आठवड्याने मांय कोयता घेऊन शेतात दिसली, आणि गावाने तिच्या श्रद्धेची वाखाणणी केली. आम्ही त्याच दिवशी तो विषय काढला, तेव्हा ती हसली. म्हणाली, "सहा महिने मी देवाशी बोलले नाही. मिसेला जात होते, माळ ओढत होते, पण बोलले नाही. त्याला कळू दे म्हटले." मग कसे सुटले, हे आम्ही विचारले. "बांध फुटला त्या पावसात. रात्रभर चिखल टाकीत होतो सगळे. त्यात कधी त्याला हाक मारली ते माझे मलाच कळले नाही."

ज्याला केवळ धाक असतो तो रुसत नाही. कारकून साहेबावर रुसत नाही, आम्ही कधी रुसलो नाही. रुसवा घरातल्या माणसावर असतो. तेराव्या शतकात टॉमस अक्वायनसने भयाचे दोन प्रकार वेगळे केले आहेत. गुलामाला शिक्षेचे वाटते ते एक, आणि लेकराला आईबापांचे मन दुखावण्याचे वाटते ते दुसरे. मांयने अक्वायनसचे नाव ऐकले असण्याचा संभव नाही. पण आपल्या मराठीत या दुसऱ्यासाठी फार नेमका शब्द आहे, भीड. ज्याची भीड असते त्याच्यासमोर खोटे बोलवत नाही. तो शिक्षा करील म्हणून नव्हे, तर त्याच्या पंगतीला पुन्हा बसायचे असते म्हणून. कांटच्या तराजूत भिडेला कोणते पारडे, हे आम्हांला ठरविता आलेले नाही. शुद्ध कर्तव्यबुद्धी ती नव्हे, कारण तिच्यात दुसरे कोणीतरी आहे. हिशेबही नव्हे, कारण तिने तुकडा गमावला. कदाचित कांटने ज्या एकट्या, विवेकी माणसाचे चित्र रंगविले, तो बांधावर राहणारा नसावा. बांधावर एकटे असे कोणीच नसते.

यावर कोणी म्हणेल की भीड वाईट कामेही करविते. खरे आहे. आम्ही त्या अर्जाची प्रत काढली ती वडिलांच्या भिडेनेच. तेव्हा भीड ही सद्गुणाची हमी नव्हे. ती कोणाची, यावर सारे अवलंबून. आणि कोणाची भीड धरावी हे शेवटी माणसालाच ठरवावे लागते, म्हणजे प्रश्न फिरून आमच्याच दारात येऊन बसतो.

वडील 1996 साली गेले. मांय त्या दिवशी येऊन आईजवळ बसली होती, बोलली काहीच नाही. मोरडीचा तुकडा आम्हां भावांनी पुढे विकला. तेथे आता तीन मजली इमारत आहे. शेतजमीन बिगरशेतकऱ्याला विकण्यावर बंधन घालणारा कायदा गोव्यात 2023 साली झाला. आम्ही त्याच्या बरेच आधी मोकळे झालो होतो. मांय त्याच्या आदल्या वर्षी गेली, सत्त्याऐंशी वर्षांची होऊन. शेवटच्या दोन पावसाळ्यांत तिला बांधावर जाता येत नव्हते, तर मानसचे दार मिटले की नाही हे ती नातवाला रात्री उठवून पाहायला लावी. मुले पोर्तुगालचे पासपोर्ट काढून विलायतेत गेली आहेत, नातूही आता तिकडेच. खाजन पडीक आहे, आणि बांधाला दोन जागी खिंडारे पडली आहेत.

गेल्या चतुर्थीला नव्याची कणसे आम्ही पणजीच्या बाजारातून आणली. वीस रुपयांना जुडी मिळाली.