सुराचे ऋण

‘टेट्रिस’ या संगणकीय खेळाची धून जगभर ओळखली जाते. परंतु ती मुळात ‘कोरोबेइनिकी’ हे रशियन लोकगीत आहे, हे थोड्यांनाच ठाऊक असते. त्याचे शब्द निकोलाय नेक्रासोव यांच्या १८६१ मधील कवितेतले. विषय गावोगाव माल विकत हिंडणाऱ्या फेरीवाल्यांचा. १९८९ साली जपानमध्ये हिरोकाझू तानाका यांनी ती चाल ‘गेम बॉय’ या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी अवघ्या चार ध्वनिवाहिन्यांत बसविली. शब्द गळाले, फेरीवाले दृष्टीआड झाले. चाल मात्र कोट्यवधींच्या कानी पोहोचली.

हा अन्याय म्हणावा काय? मूळ विसरणे हाच अपराध मानला, तर कोणतेच लोकगीत निर्दोष ठरणार नाही; मुखोमुखी फिरताना कर्त्याचे नाव गळून पडणे हा त्याचा स्वभावच आहे. परंतु अजाणतेपण आणि कृतघ्नता यांत भेद आहे. खेळणाऱ्या बालकावर कोणतेही ऋण नाही. ज्याला मूळ कळले, त्याच्यावर ते सांगण्याचे आहे. पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर नांदत घरची ओवी वेगळ्या हेलात गाणाऱ्या आपल्यासारख्यांना हे सहज उमजावे. हेल बदलला म्हणून ओवी परकी होत नाही. ती कोठून आली हे जाणूनही पुढच्या पिढीला न सांगणे, हेच तिला परके करणे होय.