मुंगी खरंच लहान असते का?



आजच्या चिंतनासाठी मुक्ताईंचा एक कूट अभंग घेतलाय. चित्र एकेक असं की डोकं चक्रावतं. मुंगी आकाशात उडते आणि चक्क सूर्याला गिळते. वांझेला मुलगा होतो. विंचू पाताळात जातो, तर शेष त्याच्या पाया पडतो. माशीच्या पोटी घार जन्मते! आणि हे सगळं बघून शेवटी मुक्ताई हसते.

लहानपणी मला हे फक्त गमतीचं वाटायचं. गेल्या आठवड्यात लोकलमध्ये हाच अभंग कानात वाजत होता, आणि मुंगी मलाच चावली.

झालं असं, की त्या दिवशी ऑफिसच्या मीटिंगमध्ये टीममधल्या नव्या मुलीला एका चुकीवरून सगळ्यांसमोर बोलणी बसली. चूक माझी होती. आतून एकजण म्हणत होता, ‘बोल!’ दुसरा म्हणाला, ‘आपण लहान माणसं, आपलं कोण ऐकणार?’ मी दुसऱ्याचं ऐकलं. वर मनाची समजूतही घातली, की तुकोबांनीसुद्धा देवाकडे लहानपणच मागितलं होतं ना!

पण तुकोबांनी लहानपण मागितलं ते अहंकार गळावा म्हणून. मी ते पांघरलं ते स्वतःला वाचवायला. शब्द एकच, पण केवढा फरक!

मुंगी म्हणजे जीव, असा अर्थ परंपरेत लावतात. मला त्यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. सूर्य गिळण्याआधी मुंगी हत्ती होत नाही. ती मुंगीच राहते. म्हणजे तिचं लहानपण ही अडचण नव्हतीच. ‘मी एवढीशी, माझ्याने काय होणार’ हे आपलं स्वतःबद्दलचं मत आहे, आणि ते खोटं असू शकतं. गीतेच्या सहाव्या अध्यायात पाचव्या श्लोकात भगवंत हेच सांगतात: स्वतःला खाली ढकलू नकोस, आपणच आपले मित्र आणि आपणच आपले शत्रू.

मग ‘मी कोणीच नाही’ असं म्हणणं दरवेळी नम्रता असते का? मला वाटतं, नाही. ज्या लहानपणाची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते, ती नम्रता नव्हे. तो अहंकारच, फक्त साध्या कपड्यातला.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना खरं सांगितलं. मग त्या मुलीची माफी मागितली. ती एवढंच म्हणाली, “काल बोलला असतात तर बरं झालं असतं.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

मुक्ताई का हसली असेल? आपण स्वतःला जे समजून बसलोय, ते तिला आरपार दिसलं असेल, म्हणून?

आज एकदा तपासून बघूया: आपण लहान आहोत, की लहानपणाच्या आड लपलोय?

रामकृष्ण हरी 🙏