अकरावीचा अर्ज कोणाचा?



दहावीचा निकाल लागला की पालक मुलाला घेऊन आमच्याकडे येतात. “फादर, याला जरा समजवा, सायन्स नको म्हणतो.” मूल खाली मान घालून उभे. आम्ही समजवायचे कोणाला?

विद्यार्थ्यांचे आश्रयदाते संत थॉमस अक्वायनस यांना १२४४ साली सख्ख्या भावांनी वाटेत पकडून घरच्या गढीत डांबले, सुमारे वर्षभर. घराण्याला हवा होता मोठ्या मठाचा मठाधिपती. थॉमसना भिक्षेवर जगणाऱ्या डॉमिनिकन संघात जायचे होते. पुढे त्यांनीच लिहिले की, विवाह करावा की ब्रह्मचारी राहावे याबाबत आईवडिलांची आज्ञा मुलांवर बंधनकारक नाही. शाखेची निवड एवढी मोठी गोष्ट नव्हे. तरी अभ्यास मुलालाच करायचा असतो, म्हणून शेवटचा शब्द त्याचा असावा असे आम्हाला वाटते.

मग पालकांनी गप्प बसावे काय? मुळीच नाही. विवेकाची पहिली पायरी सल्लामसलत, हेही संत थॉमसच शिकवतात. पण खरे लपवून सल्लामसलत कशी होणार? आपण मुलांपासून पैशाची अडचण लपवतो, मुले आपल्यापासून गणिताची भीती. मग बारावीनंतर वाडी गहाण पडते आणि मुलाला ते शेजाऱ्याकडून कळते.

अर्जात पसंतीक्रम भरण्यापूर्वी एका संध्याकाळी रोजरीनंतर टीव्ही बंद ठेवून बसावे. वडिलांनी पगार सांगावा, मुलाने नावडता विषय. आईलाही विचारावे, घरखर्चाचा खरा हिशेब बहुधा तिलाच ठाऊक असतो.