अडथळ्याचा अभाव आणि गोलचे कारण

चेंडू पायात खेळवत, समोरच्याला चकवत बगलेतून पुढे जाणारा विंगर पुष्कळदा स्वतः गोल करत नाही. गोल होतो तो मध्यभागी धावत आलेल्या दुसऱ्याच्या पायाने. तरीही विंगरवाचून तो झाला नसता, असे सामना पाहणारे ठामपणे म्हणतात. हे नुसते कौतुक की कार्यकारणाविषयीचे खरे विधान, हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे, आणि त्याच्या अगदी जवळचा वाद भारतीय दर्शनांनी फार बारकाईने लढवला आहे.

त्या वादातले उदाहरण अग्नीचे. चंद्रकांत मणी जवळ असला की अग्नी जाळत नाही, दूर केला की जाळतो, असे तेव्हा मानत. मीमांसकांनी यावरून अग्नीत एक अदृश्य, केवळ कार्यावरून अनुमानाने कळणारी शक्ती मानली. मणी तिला कुंठित करतो. नैयायिकांना ही शक्ती मान्य नव्हती. उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त तिचे खंडन केले. अग्नी दोन्ही वेळा तोच असतो. दाहाला आणखी हवा असतो तो प्रतिबंधकाचा अभाव, आणि हा अभावही दाहाच्या कारणांपैकी एक आहे. काहीतरी नसणे हेसुद्धा कार्य घडवते, असे म्हणायला मोठे बौद्धिक धैर्य लागते.

1958 च्या फुटबॉल विश्वचषकातला ब्राझीलचा गारिंचा हे या सिद्धांताचे उत्तम परीक्षास्थळ आहे. रिओ दी जानेरो राज्यातील पाउ ग्रांदीचा हा बोटाफोगो क्लबचा विंगर. त्याचे दोन्ही पाय वाकडे होते आणि एक दुसऱ्यापेक्षा आखूड. त्याची मुख्य चाल एकच: डावीकडे झुकल्याचा भास करायचा आणि उजवीकडून निसटायचे. बचावपटूंना ती आधीपासून ठाऊक असे आणि तरीही ते फसत. मीमांसकांची शक्ती कुठे दिसत असेल, तर ती इथेच.

पण संघाचे आक्रमण या शक्तीने कसे घडते, हे पाहू लागले की न्यायमत वरचढ ठरते. एकटा फुलबॅक विंगरला पुरत नाही, म्हणून दुसरा मदतीला सरकतो. त्याने सोडलेली जागा भरायला मधला बचावपटू हलतो, आणि गोलसमोरची जागा मोकळी पडते. विंगर गोलरेषेपर्यंत पोचून चेंडू मागे देतो तेव्हा तर बचाव फळीची तोंडे स्वतःच्या गोलकडे वळलेली असतात. चेंडू आणि मागून येणारा आघाडीपटू दोन्ही एकाच वेळी त्यांच्या नजरेत राहत नाहीत. विंगरने घडवलेला असतो तो एक अभाव: जिथे माणूस असायला हवा होता तिथे तो नाही.

29 जून 1958 रोजी स्टॉकहोममधल्या अंतिम सामन्यात स्वीडनने चौथ्याच मिनिटाला आघाडी घेतली. त्यानंतर गारिंचा दोनदा उजव्या बगलेतून निसटला, दोनदा त्याने चेंडू गोलसमोर दिला आणि दोनदा आघाडीपटू वावाने तो जाळ्यात ढकलला. ब्राझील 5-2 ने जिंकले. गारिंचाच्या नावावर गोल नाही.

इथे एक आक्षेप उभा राहतो. अडथळा दूर करणे हेच कारण असेल, तर चकवण्याची प्रत्येक क्रिया गोलचे कारण मानावी लागेल. न्यायशास्त्राने याचे उत्तर आधीच देऊन ठेवले आहे. जे कार्याच्या आधी असते, पण ज्यावाचून कार्य अडत नाही, ते अन्यथासिद्ध. कुंभाराची माती वाहणारे गाढव घटाचे कारण नव्हे. त्याच वर्षी, विश्वचषकापूर्वी, इटलीच्या फिओरेंतिना क्लबविरुद्ध गारिंचाने गोलरक्षकालाही चकवले आणि मग लगेच गोल न करता परतणाऱ्या बचावपटूला पुन्हा हुलकावणी दिली, असे सांगतात. त्या आधिक्यात निखळ आनंद होता आणि प्रेक्षक त्यासाठीच येत, पण गोलच्या कारणांत त्याला स्थान नाही. चांगला विंगर आणि नुसता कसरतपटू यांच्यातला भेद इथेच आहे.

दुसरी गोष्ट सहकारी कारणांची. ब्राझीलच्या डाव्या बाजूला झागालो हा नावाने विंगर असला, तरी तो वरचेवर मागे येऊन मधली फळी भरून काढी. उजवीकडच्या मोकळ्या खेळाला लागणारा समतोल त्यामुळे मिळत असे. झागालोचे श्रम फार कमी वाखाणले गेले; हा अन्यायच आहे.

1962 च्या चिलीतील विश्वचषकात ब्राझीलचा आघाडीपटू पेले दुसऱ्याच सामन्यात जायबंदी झाला, आणि गारिंचाची भूमिका बदलली. बगल सोडून तो आत येऊ लागला. इंग्लंडविरुद्ध दोन आणि उपांत्य फेरीत चिलीविरुद्ध दोन गोल त्याने स्वतः केले. ज्याच्यासाठी वाट मोकळी करायची तो मैदानात नव्हता, तेव्हा त्या वाटेवरून तो स्वतः गेला. म्हणून प्रतिबंधक दूर करणारा आणि फळ घेणारा हे स्वभावतः वेगळे नसतात. भूमिका वेगळ्या असतात आणि त्या परिस्थितीनुसार एकाच माणसाकडे येऊ शकतात. उदयनाचार्यांच्या मताला याने बाधा येत नाही. मात्र शक्तिवादही पुरता निकालात निघत नाही, कारण वाट मोकळी करण्याचे सामर्थ्य सर्वांकडे सारखे का नसते, हा मीमांसकांचा प्रश्न शिल्लकच राहतो.

पेले आणि गारिंचा दोघेही मैदानात असताना ब्राझील एकदाही हरले नाही. गारिंचाने देशासाठी खेळून गमावलेला सामना एकच: 1966 च्या विश्वचषकात हंगेरीविरुद्धचा, 3-1 असा. त्या दिवशी पेले संघात नव्हता, आणि ब्राझीलसाठी गारिंचाचा तो शेवटचा सामना ठरला.